खारक्याला देऊन टाकलं तो उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या गच्च्या भरून जातात. प्लास्टिकचे कागद, जुन्या साड्या, कोपऱ्यांवर विटा आणि मधे ओळीनं कुरडया, पापड, सांडगे. उन्हं वर यायच्या आत गव्हाचा चीक शिजायला लागतो आणि त्याचा तो आंबूस, गरम वास गल्लीत उतरतो. शेजारच्या बायका म्हणतात, या वासानं माहेर आठवतं. मला राग येतो. यंदाही आला. वास नाकात शिरला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. खारक्या दारात पाय ताणून घोरत होता, सगळं ठीक होतं, तरी तापल्या.

माझ्या रागाला आमच्या घरात 'चिडचिड' म्हणतात. यांच्या रागाला 'राग' म्हणतात. हे चिडले की टीव्हीचा आवाज कमी होतो, मी चिडले की कुणीतरी विचारतं, "बीपीची गोळी घेतलीस का?" आता या उन्हाळ्यात मी ठरवलंय की जे आहे त्याला त्याच्या नावानं म्हणायचं. खारक्याला देऊन टाकलं त्या वर्षी मला आला तो राग होता, आणि तो एका कुत्र्यावरून आला होता.

खारक्याला घरात आणलं ते यांनीच. कुंडलला माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. त्याच्या आदल्या वर्षी हंगाम संपत आला होता, बाग रिकामी झाली होती, आणि औषधाच्या मोकळ्या पिंपांमागं तिथली कुत्री व्यालेली होती. हे भावाला भेटायला गेले आणि येताना शर्टाच्या आत एक पिल्लू घेऊन आले. खारकेसारखं तपकिरी, खारकेएवढंच म्हणावं असं. म्हणून खारक्या. नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. आमच्या लेकीनं, श्रेयानं, पुण्याच्या हॉस्टेलवरून दोन-तीन इंग्रजी नावं पाठवली होती. अव्वांनी ती ऐकूनही घेतली नाहीत.

"घरात कुत्रं?" मी यांना विचारलं. "सांभाळणार कोण?"

"आपण सगळे," हे म्हणाले.

'आपण सगळे' हा शब्द मी फार जवळून ओळखते. आपण सगळे म्हणजे मी.

पहाटे उठून त्याला मैदानावर नेणारी मी. त्यानं हॉलमध्ये करून ठेवलेलं पुसणारी मी. इन्व्हर्टरची वायर चावली तेव्हा मेन स्विच बंद करायला धावलेली मी. ते पिल्लू नव्हतंच, पाय फुटलेली गडबड होती. चालायचं म्हणून त्याला माहीतच नव्हतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर पळतच, वळताना फरशीवर घसरत, कपाटावर आपटत, आणि आपटल्याचा आनंद झाल्यासारखं पुन्हा उठून पळत. चपला खाल्ल्या. सोफ्याच्या उशीतला कापूस काढून त्यात झोपला. यांचा पूजेचा दुपट्टा दोरीवरून ओढून त्याच्या चिंध्या केल्या. त्या दिवशी हे ओरडले ते माझ्यावर. "तुझं लक्ष कुठं असतं?"

माझं लक्ष त्याच्यावरच असतं, आवं, म्हणून तर तो जिवंत आहे.

संध्याकाळी हे कुपवाडच्या वर्कशॉपमधून घरी येत. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर ऐकू आला की खारक्या गेटवर उभा. हे पाच-दहा मिनिटं चेंडू टाकत, त्याला कुरवाळत, "माझं पोरगं, माझं पोरगं" म्हणत, आणि मग हात धुऊन जेवायला बसत. मोबाईलवर यांचा फोटो खारक्यासोबत. श्रेया रोज म्हणे, "मम्मी, त्याचा व्हिडिओ पाठव ना." तिच्या मैत्रिणींना तो फार आवडायचा. व्हिडिओत वास येत नाही, व्हिडिओ पहाटे उठवत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, वाढतं अंग आहे, अंडी द्या. अव्वा म्हणाल्या, "आमच्या जैनांत चालत न्हाई." मग डॉक्टरांनी दही, डाळ, सोयाबीन, पनीर असं सांगितलं, आणि खारक्या भाकरी-दह्यावर, मुगाच्या डाळीवर वाढला. दांडगा वाढला. अव्वा दिवस मावळायच्या आत जेवतात, तशी त्याचीही वाटी त्यांच्याबरोबरच लागायची. काही महिन्यांत असं झालं की ऊन कलायला लागलं की हा अव्वांच्या खोलीच्या दारात जाऊन एकदा भुंकायचा. "व्हय रं बाबा, उठतीया," अव्वा म्हणायच्या. दोघं स्वयंपाकघरात यायची. अव्वा पाटावर, हा शेजारी. मी वाढायची. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलीत, पण त्या खोलीत इतकी शांत जेवणं मी आधी पाहिली नव्हती.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की पुढं जे झालं ते काही अचानक कुणा दुष्ट माणसानं केलं नाही. मंदिरात रोज जाणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या, पायरीवर मुंग्यांची ओळ दिसली तर वळसा घालून जाणाऱ्या माणसानं केलं. मला त्याचाच जास्त राग आहे.

पुढच्या फाल्गुनात अव्वा पडल्या. मंदिरातून आल्या, गेट उघडलं, आणि खारक्या नेहमीसारखा झेपावला. तोवर तो चांगला गुडघ्याच्या वर आला होता, पण स्वतःला अजून खारकेएवढाच समजत होता. अव्वा हातावर पडल्या. मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. दवाखान्यातून आल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि पहिलं काय म्हणाल्या, तर "ते लेकरू भेलंय. त्याला आत घे." खारक्या जिन्याखाली अंग चोरून बसला होता. कुणीही त्याला मारलं नव्हतं. त्याला आपलं आपणच कळलं होतं.

हे त्या दिवशी काही बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला. पुरुष गप्प बसला की बायकांना वाटतं विषय संपला. त्यांचा तो तेव्हा सुरू झालेला असतो.

आणि मग कुरडयांचा तो दिवस. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक निवळून झाला होता. उन्हं व्हायच्या आत मी गच्चीवर पातेलं नेलं, सोऱ्या भरला, पाडायला बसले. खाली टेम्पोचा आवाज आला. मागचा फाळका आपटला. खारक्या एकदाच भुंकला, आनंदाचा. गाडी म्हणजे फिरायला, एवढंच त्याला माहीत होतं. मी सोऱ्या दाबत राहिले. मला वाटलं, गल्लीत कुणाचं तरी सामान आलंय.

कागदाची एक बाजू भरली, तरी खारक्या वर आला नाही. एरवी मी गच्चीवर असले की तो दर थोड्या वेळानं जिना चढून मला बघून जायचा. मी खाली आले. हात कोपरापर्यंत चिकानं पांढरे. हे पेपर वाचत बसले होते.

"खारक्या कुठाय?"

"दिला."

"म्हणजे?"

"शिरवळच्या राजाला दिला. न्यायला माणूस आला होता. मोठी जागा हाय त्याची, मोकळं रान हाय. मजेत राहील. हितं अव्वाचा दुसरा हात मोडायची वाट बघायची का?"

राजा म्हणजे यांचे चुलतभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. मी उभी होते. हातावरचा चीक वाळून ताणायला लागला होता.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू देऊ दिला असता का?"

म्हणजे माहीत होतं. मी नाही म्हणेन हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मी गच्चीवर, हात गुंतलेले, अशी वेळ निवडली होती. तो टेम्पोत आपणहून चढला, ओढावा सुद्धा लागला नाही, हे त्यांनी मला समाधान म्हणून सांगितलं. मला आजही सगळ्यात जास्त तेच लागतं.

'दिला.' किती सोपा शब्द. मला आठवतं, माझं लग्न ठरलं तेव्हा कुंडलात लोक वडिलांना विचारायचे, "थोरली कुठं दिली?" आणि वडील अभिमानानं सांगायचे, "सांगलीला दिली." तेव्हा त्या शब्दाचं काही वाटलं नव्हतं. सगळ्या मुलींना देतातच. पण त्या सकाळी तो शब्द यांच्या तोंडून ऐकला आणि इतक्या वर्षांनी मला त्याचा अर्थ लागला. देणाऱ्याला दिलेल्याचं तोंड बघावं लागत नाही.

मी गच्चीवर गेले. पातेल्यातला चीक दगडासारखा बसला होता. कागदाच्या त्या एका बाजूपलीकडं त्या वर्षी आमच्याकडे कुरडई झाली नाही.

अव्वांना हे दुपारी कळलं. दिवस कलताना त्यांच्या खोलीच्या दारात कुणी भुंकलं नाही, आणि त्या जेवायला उठल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, "भूक न्हाई." दुसऱ्या दिवशीही तेच, नुसतं ताक घेतलं. श्रेयाला फोन केला तर ती रडली, पप्पांशी भांडली, आणि मग म्हणाली, "मम्मी, पण मोकळं रान आहे म्हणतात ना, कदाचित त्याला आवडेल." तिलाही तसं मानायचं होतं. मलाही. रान, बांध, विहीर, मागं पळायला बगळे, असं मी स्वतःला दाखवत होते.

मग एका सकाळी भाऊजींचा फोन आला. हे वर्कशॉपला गेले होते आणि फोन घरी विसरले होते. मी उचलला.

"दादा हाय का? आवं वैनी, हे कुत्रं भुंकतच न्हाई. येईल त्याला शेपूट हलवतंय. राखण काय करणार हे? जेवत बी न्हाई धड. काय घालत होता तुमी त्याला?"

मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज.

"भाऊजी, मळ्यात आहात का?"

"कसला मळा? गोडाऊनवर हाय मी. मळा तर कवाच विकला."

"तो बांधलेला आहे का?"

"मग? हायवे हाय शेजारी. साखळीत हाय."

मी फोन ठेवला. मला वाटतं, तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण शांत झाले. चिडचिड वेगळी. ती हातांना सुटते, भांडी आपटते. राग माणसाला स्थिर करतो. मी गॅस बंद केला, साडी बदलली, गाडीची किल्ली घेतली. हे कुपवाडला स्कूटरवरच जातात, गाडी घरीच असते. ती मला चालवता येते, पण मिरज आणि बाजार यापलीकडं मी कधी नेली नव्हती, कारण "हायवे तुझं काम न्हाई" असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं, विचारू नका.

दारात अव्वा उभ्या. प्लॅस्टरचा हात गळ्यात, डोक्यावर पदर, पायात चपला.

"मी येतीया."

"अव्वा, लांब आहे. ऊन आहे."

"माझ्या हाताचं नाव सांगून दिलाय न्हवं त्याला? मग हा हात तितं दिसू दे."

आम्ही दोघी निघालो. पेठ नाक्याला हायवेला लागलो. मालट्रक घोंघावत शेजारून जायचे, माझे तळहात घामानं स्टिअरिंगला चिकटायचे. कराड गेलं, सातारा गेला. डाव्या-उजव्या हाताला डोंगर भाजल्यासारखे काळे, वणव्याचे पट्टे. अव्वा मागच्या सीटवर ताठ बसून होत्या. खंबाटकीचा बोगदा आला, एकदम अंधार, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हळू चालव, पर थांबू नको."

शिरवळच्या पुढं, कारखान्यांच्या रांगेमागं ते गोडाऊन होतं. पुठ्ठ्याची खोकी, पत्र्याची शेड, सावली म्हणाल तर एका भिंतीची, तीही दुपारच्या उन्हात हातभर. त्या हातभर सावलीत खारक्या पडला होता. साखळी आखूड, तिला कुलूप. रंगाच्या जुन्या डब्यात पाणी, तेही तापलेलं. समोर हाडं पडलेली, तशीच. त्याला हाडं घातली याचा मला राग नाही. कुत्रंच ते, आमचे नियम त्याला कुठं लागू? पण ती ज्या तऱ्हेनं लांबून फेकलेली दिसत होती, ते मला बघवलं नाही.

मला वाटलं होतं तो झेपावेल. झेपावला नाही. माझ्याकडं बघितलं, कान मागं पाडले, आणि जमिनीला चिकटून सरपटत, साखळी पुरेल तेवढा पुढं आला. जिन्याखाली बसला होता तसा. त्याला वाटत होतं, हे सगळं त्याच्या चुकीसाठी आहे.

तिथं मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

भाऊजी ऑफिसातून बाहेर आले. "वैनी? अव्वा? आवं, फोन तरी करायचा. दादाला विचारून आलाय न्हवं?"

"तुमच्या दादांनी मला विचारलं होतं का? किल्ली द्या."

"एका कुत्र्यासाठी एवढं?"

"किल्ली द्या, भाऊजी."

किल्ली राखणदाराकडे होती आणि तो जेवायला गेला होता. मी तिथंच उन्हात उभी राहिले. भाऊजींनी खुर्ची आणवली, थंड पाणी आणवलं, मी घेतलं नाही. अव्वांनीही नाही. त्या वाकल्या, एका हातानं भिंतीचा आधार घेत त्या धुळीत खाली बसल्या, आणि प्लॅस्टरचा हात खारक्यापुढं केला. त्यानं तो हुंगला, वरपासून खालपर्यंत. मग हळूच त्याच्यावर हनुवटी टेकवली.

"अव्वा, कपडे खराब होतील," भाऊजी म्हणाले.

"राजा," अव्वा म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला असं बांधलं असतं, तर तू भुंकला असतास का रं?"

भाऊजी आत गेले ते राखणदार येईपर्यंत बाहेर आले नाहीत.

येताना घाट चढताना खारक्या ओकला, सीटवर, अव्वांच्या पदरावर. साताऱ्याच्या अलीकडं झाडाखाली गाडी थांबवून मी सगळं पुसलं, त्याला ओंजळीनं पाणी पाजलं. तो पीत राहिला, थांबेचना. अव्वांनी डब्यातली दशमी काढली, अर्धी त्याला, अर्धी स्वतः. ऊन कलायला अजून वेळ होता, तरी दोघांनी जेवून घेतलं.

घरी पोचलो तर हे गेटवर उभे. भाऊजींनी फोन केलाच होता.

"डोकं फिरलंय का तुझं? अव्वाला घेऊन हायवेला? काही झालं असतं म्हणजे?"

मी गाडीचं दार उघडलं. खारक्या उतरला, यांना बघितलं, आणि काय सांगू, पायाला लोंबकळला. शेपूट, कान, सगळं अंग हलवत. जणू हेच त्याला सोडवून आले होते.

"माझं नाव पुढं करू नको," अव्वा यांना म्हणाल्या. "हाड माझं मोडलं. मी काय बोलले होते का? तुला नको झालंवतं, तर तुझं नाव सांगून द्यायचं."

ताटं वाढताना हे स्वयंपाकघरात आले. "मला भीती वाटली गं," म्हणाले. "ती पडली तेव्हा मला वाटलं, गेली. मला दुसरं काही सुचलं न्हाई."

मी त्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते. पण माणसाला भीती वाटते तेव्हा तो कुणाला तरी सांगतो. यांनी मला सांगितलं नाही, भाऊजींना सांगितलं. माझ्या हातानं वाढवलेल्या जिवाचा निकाल दोन पुरुषांनी फोनवर लावला, आणि मला पेपराआडून कळवला. भीतीचं मी समजू शकते. या दुसऱ्या गोष्टीचं मला काही समजून घ्यायचं नाही.

लोक विचारतात, कुत्रा परत आला, सासूबाईंचा हात बरा झाला, नवराही आता त्याला घेऊन फिरायला जातो, मग अजून कसला राग? आता तर यांचं सांगणं ऐका. पाहुण्यांसमोर सांगतात, "एकदा शिरवळला ठेवला होता थोडे दिवस, करमेना आम्हाला, आणला परत." आम्हाला. आणला. मी चहाचे कप उचलून आत जाते. आदळत नाही. आता मला आदळायची गरज वाटत नाही.

गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं, क्षमावणीचा, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस आला. मंदिरातून सगळे एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणत घरी आले, गल्लीत दारोदार हात जोडणं चाललं होतं. दर वर्षी हे माझ्यापुढं येतात, हात जोडतात, मीही जोडते, आणि वर्षभराचं सगळं धुतलं जातं असं आम्ही मानतो. त्या दिवशीही आले. धोतर, दुपट्टा, कपाळावर गंध.

"उत्तम क्षमा," म्हणाले.

"माझी नको," मी म्हणाले. "त्याची मागा."

हे हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ओट्याशी अव्वा होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही, मुलाकडंच बघत राहिल्या. हे वळले. खारक्या उंबऱ्यावर पडला होता. त्याच्यासमोर हे उभे राहिले, क्षणभर काय करावं ते त्यांना कळेना, मग त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले.

जोडलेल्या हातांत काहीतरी खायला आहे असं खारक्याला वाटलं. तो उठला, बोटांवर नाक घासायला लागला. यांनी हात उघडले. काहीच नव्हतं. त्यानं रिकामे तळहात चाटले, एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, शेपूट फरशीवर आपटत.

यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे ओले होते.

"झालं?"

"त्याचं झालं," मी म्हणाले. "माझं नाही."